कोणती कंडरा, कोणती नाल

[दृश्य: जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा. घोड्याचा पुढचा पाय, बाजूने, संथ गतीत.]

चित्र इथे थांबवू या. खूर पुरता टेकलाय, अंगाचा भार पायावर आलाय, आणि खुराच्या वरचा तो गोलसर सांधा, म्हणजे फेटलॉक, जमिनीकडे दबलाय. ही नुसती चाल आहे. चौखूर दौडीत हाच सांधा इतका खाली जातो की त्याच्या मागचे केस मातीला लागतात.

तरी पाय कोसळत नाही. घोड्याच्या पायात गुडघ्याखाली भार पेलेल असा स्नायू जवळजवळ नसतोच. असतात ती हाडं, कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, अस्थिबंध म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, आणि वरून कातडी. घोड्याचा पाय उचलून नळीच्या हाडामागे, म्हणजे गुडघा आणि फेटलॉक यांच्या मधल्या लांब हाडामागे, बोटं फिरवली की तीन गोष्टी वेगवेगळ्या हाताला लागतात. सगळ्यात मागे, कातडीला लागून, सुपरफिशियल फ्लेक्सर कंडरा. आपण तिला बाहेरची कंडरा म्हणू. तिच्या पुढे डीप फ्लेक्सर, म्हणजे आतली कंडरा. आणि हाडाला बिलगून सस्पेन्सरी अस्थिबंध.

[दृश्य: पायाची आकृती. तिन्ही भाग वेगळ्या रंगांत.]

या तिघांची खालची टोकं नीट बघा. बाहेरची कंडरा खुरापर्यंत जातच नाही. फेटलॉक ओलांडून ती लगेच खालच्या हाडांवर संपते. आतली कंडरा खुरात शिरते, नॅव्हिक्युलर नावाच्या छोट्या हाडावरून वळते आणि खुरातल्या शेवटच्या हाडाला तळातून धरते. सस्पेन्सरी हा फेटलॉकच्या मागे असलेल्या दोन लहान हाडांना धरून तो सांधा वर झेलतो. पुढे नालेबद्दल जे काही सांगायचं आहे, ते या तीन टोकांवरूनच ठरतं. म्हणून ही आकृती आणखी थोडा वेळ पडद्यावर राहू दे.

वेगाने पळणाऱ्या घोड्यांत बाहेरची कंडरा फार दुखावते. पूर्ण दौडीत ती मूळ लांबीच्या 16 टक्क्यांपर्यंत ताणली जाते, आणि तुटण्याची मर्यादा तिथून फारशी लांब नसते. ताण, आखडणं, पुन्हा ताण. या सगळ्यातून उष्णता तयार होते. धावत्या घोड्याच्या या कंडरेच्या गाभ्यात 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे. त्यामुळे इजा बरेचदा आत, अगदी मध्यभागी सुरू होते आणि बाहेरून फारसं काही कळत नाही.

[दृश्य: सोनोग्राफीचा पडदा. डॉक्टरांचा हात घोडीच्या पायावर.]

ही एका कुमैत घोडीच्या उजव्या पुढच्या पायाची सोनोग्राफी. करड्या गोलाकारात मधोमध काळा डाग दिसतोय, तिथले तंतू तुटलेत. पायावर सूज म्हणाल तर बोटभर. हात लावला की गरम लागतं, दाबलं की घोडी पाय काढून घेते. दोन-चार दिवसांत लंगडणं कमी होईल, आणि नेमक्या त्याच वेळी तिला बाहेर काढावंसं वाटेल. पहिल्या एक-दोन आठवड्यांत हा डाग मोठाही होऊ शकतो. म्हणून डॉक्टर तिला आरामात ठेवून काही दिवसांनी पुन्हा तपासतात.

आणि मग नालबंदाला बोलावणं जातं. बरोबर एक ठरलेली सूचनाही जाते: कंडरा दुखावली आहे, टाच उचलून द्या.

ही सूचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यामागे काळजीच आहे, यात शंका नाही. पण कोणती कंडरा, हे विचारल्याशिवाय ती पाळली तर घोडीचं नुकसान होऊ शकतं. आपण हा माहितीपट केला तो मुख्यतः एवढ्यासाठी.

टाचेखाली पाचर दिली की खुरातलं हाड पुढे कलतं आणि आतल्या कंडरेचं टोक तिच्या उगमाच्या थोडं जवळ येतं. ती सैल पडते. आतली कंडरा दुखावली असेल, किंवा तिला वरच्या बाजूने हाडाशी जोडणारा चेक अस्थिबंध दुखावला असेल, तर हा आराम खरा आहे. पण फेटलॉक झेलण्याचं काम तिघांत वाटलेलं आहे. आतलीने हात सैल सोडला की तो सांधा थोडा आणखी खाली बसतो, आणि तो भार बाहेरच्या कंडरेवर आणि सस्पेन्सरीवर येतो. या घोडीच्या पायात नेमकी बाहेरची कंडरा फाटलेली आहे. तिच्या टाचेखाली उंच पाचर ठोकणं म्हणजे दुखऱ्या कंडरेलाच जादा काम देणं.

[दृश्य: घोडी सपाट, कडक जमिनीवर उभी. नालबंद पायाजवळ न जाता लांबून बघतोय.]

चांगला नालबंद आल्या आल्या कानस हातात घेत नाही. तो आधी घोडीला चालवून बघतो. खूर जमिनीला कसा टेकतो, दोन्ही बाजू एकदम येतात की एक बाजू आधी. मग ती उभी असताना बाजूने बघतो. फेटलॉकपासून खाली उतरणारी तिरकी हाडं आणि खुराची पुढची भिंत एका रेषेत असावी. या घोडीत ती रेषा खुराच्या वरच्या कडेपाशी मागे मोडली आहे. खुराचं टोक लांब, टाचा बसक्या आणि खुराखाली पुढे सरकलेल्या. हे असं फार घोड्यांत दिसतं, आणि रोज बघून बघून तेच बरोबर वाटायला लागतं.

पायापेक्षा चार बोटं लांब चप्पल घालून चालून बघा. प्रत्येक पावलाला टोक उचलताना पोटरीला जो ओढा बसतो, तोच ओढा इथे आहे. खूर जमिनीवरून सुटताना टोकावरून वळतो. टोक जितकं पुढे, तितकी तरफ लांब, आणि ती ओढून काढायची जबाबदारी आतल्या कंडरेवर. बसक्या टाचांमुळे आधारही चुकीच्या जागी जातो. पायाचा भार मागे पडतो आणि त्याच्याखाली खूर कमी उरतो.

[दृश्य: खूर उलटा, नालबंदाच्या मांडीवर. कॅमेरा अगदी जवळ.]

जुनी नाल निघाली. वाकड्या टोकाच्या सुरीने तळव्यावरचा सुटा, पिठूळ थर काढला जातोय, जिवंत थराला हात न लावता. मधला रबरासारखा त्रिकोण, फ्रॉग, फक्त लोंबणाऱ्या चिंध्यांपुरता साफ केला. आता खुराच्या सर्वात रुंद भागावर पेनाने आडवी रेघ ओढली. खुरातल्या सांध्याचं फिरण्याचं केंद्र साधारण या रेघेच्या जवळ असतं. रेघेच्या पुढे किती खूर आहे आणि मागे किती, हे मोजलं. आदर्श म्हणाल तर निम्मं-निम्मं. इथे पुढे बरंच जास्त आहे.

टाचा बसक्या आहेत म्हणून त्यांना हात लावायचा नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण बघा, पुढे वाकलेल्या, आत दुमडलेल्या टाचेचा तो कमकुवत कोपरा कानशीने फ्रॉगच्या रुंद भागापर्यंत मागे आणला, की उंची थोडी कमी होते, पण आधार मागे सरकतो. भार पेलायला तोच आधार लागतो. मग टोक, पुढच्या भिंतीकडून, मागे घेतलं. सगळं एका बैठकीत मात्र नाही. ज्या ऊतींना कित्येक महिने एका कोनाची सवय झाली आहे, त्यांना एका दिवसात दुसऱ्या कोनात ढकललं तर ताण वाढतो. दुखऱ्या पायात तर नक्कीच.

कोनांच्या आकड्यांबद्दलही सांगायला हवं. पुढच्या खुराचा कोन 50 ते 55 अंश असतो असं पुस्तकात वाचायला मिळतं. ते सर्वसाधारण माप आहे. एखाद्या घोड्याची हाडं 48 अंशांत उतरत असतील तर त्याचा खूर 54 वर नेणं हा त्याच्यावर अन्याय आहे. बाजूने काढलेल्या एक्स-रेत खुरातलं हाड कसं बसलंय ते दिसतं. त्याचा मागचा भाग पुढच्यापेक्षा काही अंशांनी उंच असावा. ते हाड आडवं पडलं असेल किंवा मागे झुकलं असेल, तर बाहेरून खूर कितीही देखणा दिसो, काम बाकी आहे. कंडरा दुखावलेल्या घोड्याचा एक्स-रे नालबंदाला दाखवलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. तो डॉक्टरांच्या फायलीत पडून राहिला तर त्याचा उपयोग अर्धाच.

डावी-उजवी बाजू गुण्या लावून तपासतात. पण नजरेला आणखी खुणा दिसतात. जी बाजू जास्त भार घेते, तिथली केसांची कड वर ढकललेली असते, आणि विरुद्ध बाजूची भिंत बाहेर फाकलेली असते. या घोडीत आतली बाजू किंचित उंच निघाली. कानशीचे सात-आठ हात, तेवढंच.

[दृश्य: ऐरण. निरनिराळ्या आकाराच्या नाल शेजारी शेजारी मांडलेल्या.]

आता नाल. डावीकडची बघा: पुढे रुंद, मागच्या दोन्ही बाजू अरुंद. मऊ जमिनीत हिचा पुढचा भाग कमी रुततो, टाचा जास्त रुततात. टोक किंचित उचललं जातं, आतली कंडरा ताणली जाते आणि फेटलॉक झेलण्यातला आपला वाटा उचलते. बाहेरच्या कंडरेचा आणि सस्पेन्सरीचा भार हलका होतो. आपल्या घोडीसाठी हीच.

मधली उलट आहे, मागे रुंद, किंवा मागून जोडून अंडाकृती केलेली. टाच रुतू नये यासाठी. आतली कंडरा दुखावलेली असेल तर हिचा विचार होतो, गरजेपुरत्या पाचरीसह. उजवीकडची एकाच बाजूला रुंद आहे. खुरातल्या सांध्याच्या एका बाजूचा अस्थिबंध दुखावला असेल तर त्या बाजूला रुंद भाग देतात, म्हणजे ती बाजू मातीत खचत नाही.

रुंदीचा हा सगळा खेळ मऊ जमिनीवरच चालतो. काँक्रीटवर काहीच रुतत नाही, त्यामुळे रुंद आणि अरुंद यांत फरक उरत नाही. नाल बदलली आणि घोडी दिवसभर फरशीवर उभी ठेवली, तर खर्च वाया गेला म्हणायचं. टोक मागे घेऊन गोल केलेली नाल मात्र कुठेही कामाला येते, कारण खूर तिच्यावरून लवकर वळतो. आतल्या कंडरेच्या आणि नॅव्हिक्युलरच्या दुखण्यात त्याचा फायदा होतो.

कंडरा पूर्ण तुटली तर गोष्ट वेगळी. बाहेरची तुटली की फेटलॉक खाली जातो. आतली तुटली की भार येताच खुराचं टोक हवेत उठतं, आणि ते दाबून धरायला मागे लांब वाढवलेली नाल लागते. ती तातडीची अवस्था आहे, पाय आधी बांधून स्थिर करावा लागतो.

[दृश्य: खिळा ठोकताना हातोडी. खुराच्या भिंतीतून बाहेर आलेलं टोक.]

भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक पांढरी रेघ दिसते. खिळे तिच्या बाहेरून, भिंतीतून जातात. शेवटचा खिळा खुराच्या रुंद भागाच्या मागे नको, कारण भार आला की टाचा बाजूला फाकतात आणि ती जागा मोकळी लागते. नाल टाचेच्या थोडी मागेपर्यंत जाऊ दिली, तेवढा आधार हवाच. फार मागे गेली तर मागचा पाय तिच्यावर पडून ती उखडते, भिंतीचा तुकडा घेऊन. भिंत आधीच फुटकी असेल तर चिकटवायची नालही मिळते.

डाव्या पुढच्या पायाचंही काम आजच होतंय. दुखरा पाय वाचवताना घोडी दुसऱ्यावर टेकते. इजा मोठी असेल आणि हे बरेच आठवडे चाललं, तर त्या चांगल्या खुरातली हाडाला धरून ठेवणारी पकड सुटू शकते. लंगडा पाय बरा होत असताना दुसरा पाय गेलेले घोडे असतात. म्हणून त्या खुराचा तळवा आणि फ्रॉग यांनाही आधार द्यायला हवा, आणि त्याच्या भिंतीवर रोज हात ठेवून उष्णता बघायला हवी.

[दृश्य: तबेल्याच्या दाराशी टांगलेली वही. घोडी दोरीने धरून चालवली जातेय.]

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. टोक वाढतं, पुढे सरकतं, टाच झिजते किंवा चेपते, आणि आज जुळवलेली रेषा काही आठवड्यांत पुन्हा मागे मोडायला लागते. निरोगी घोड्याला सहा आठवडे चालून जातात, या घोडीला चार ते पाचच द्यावेत. नाल अजून घट्ट आहे म्हणून तारीख पुढे ढकलली जाते, आणि तिथेच केलेलं काम हातचं जातं. दर वेळी त्याच जागी, त्याच अंतरावरून, कॅमेरा जमिनीवर ठेवून बाजूचा एक फोटो काढा. महिन्याभराचा फरक आठवणीत धूसर होतो, फोटोत तो स्वच्छ दिसतो.

नालेने कंडरा जुळत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तुटलेल्या जागी आधी वेडेवाकडे, कमी लवचिक तंतू भरतात. ते सरळ, भाराच्या दिशेने बसायला महिने लागतात, आणि मोजूनमापून दिलेला भार लागतो. आधी हाताने धरून चालणं, रोज थोडा वेळ. मग वेळ वाढवत जाणं. दर दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी, आणि तिच्यात काय दिसतं त्यावरून पुढची पायरी. पूर्ण कामाला परतायला 9 ते 12 महिने, कधी त्याहून जास्त. जुळलेली जागा पहिल्यासारखी लवचिक होत नाही, त्यामुळे तीच कंडरा पुन्हा फाटण्याची भीती राहते, घाई केली तर फारच.

नाल काढतानाही तीच सावकाशी. आतल्या कंडरेसाठी पाचर दिली असेल तर ती कायमची ठेवायची नसते. तिच्या दाबाने टाचा आणखी चेपतात. पण एका दिवसात काढली, तर सैल राहायची सवय झालेल्या कंडरेवर सगळा ताण एकदम येतो. प्रत्येक वेळी नाल बदलताना पाचर थोडी पातळ करायची, पुढचे काही दिवस घोडीची चाल आणि पायाची उष्णता बघायची, आणि तिने ते मानवून घेतलं असेल तरच पुढच्या खेपेला आणखी थोडी. रुंद टोकाच्या नालेवरून साध्या नालेवर येतानाही नवी सोनोग्राफी आधी, नालबंद नंतर, आणि त्या आठवड्यात कामाचा वेळ वाढवायचा नाही.