कच्चा माल : बडोद्याच्या संशोधनामागचे कागद, शंख आणि शेपट्या

(दृश्य : बडोद्याचा दांडिया बाजार. वाड्याची ओसरी. पाटावर फुलस्केप कागद, फूटपट्टी, पेन्सिल.)

आधी उभ्या रेघा, मग आडव्या. बाईंचा हात या वयातही सरळ चालतो. सगळी नोकरी संस्कृत शिकवण्यात गेली. आम्ही विनंती केली म्हणून आज कॅमेऱ्यासमोर हा कागद आखून दाखवताहेत. वरच्या ओळीत सोळा चौकटी. एका चौकटीत एक अक्षर. त. पः. स्वा. ध्या. य. नि. र. तं. वाल्मीकिरामायणाच्या पहिल्या श्लोकाची पहिली ओळ.

डावीकडच्या समासात पोथ्यांची यादी. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी, नेपाळची नेवारीतली, मग मैथिली, बंगाली, देवनागरी. त्याखाली तेलुगू, कन्नड, ग्रंथ (दक्षिणेत संस्कृतसाठी वापरली जाणारी एक लिपी), मल्याळम. प्रत्येक पोथीला एक आडवी ओळ. वरच्या चौकटीतलं अक्षर पोथीत तसंच असेल तर खालची चौकट रिकामी सोडायची. वेगळं असेल तर तेवढंच अक्षर भरायचं. एक अक्षर गळलं असेल तर तशी खूण. किड्यानं खाल्लं असेल तर त्याची वेगळी खूण.

हे तुलनापत्रक. रामायणाचे श्लोक परंपरेनं २४,००० मोजले जातात, तेव्हा असे कागद किती लागले असतील याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

(दृश्य : चिकित्सित आवृत्तीचे सात खंड, कपाटात. एक खंड उघडतो. पानाचा खालचा अर्धा भाग बारीक टाइपातल्या तळटिपांचा.)

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं रामायणाची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे सगळ्या पोथ्या ताडून शक्य तितका जुना पाठ ठरवणारी आवृत्ती, काढली. बालकांड १९६० मध्ये आलं, उत्तरकांड १९७५ मध्ये. अयोध्याकांड आणि युद्धकांड ही दोन जड कांडं परशुराम लक्ष्मण वैद्यांनी संपादित केली. पुण्याला भांडारकर संस्थेत महाभारताचं कर्णपर्वही त्यांचंच. म्हणजे दोन्ही महाकाव्यांच्या चौकटी भरलेला माणूस. मराठी घरात प. ल. म्हटलं की पु. लं.चंच नाव आठवतं, त्याला इलाज नाही.

आता पद्धत नीट बघू, कारण इथेच लोक चुकतात. जास्त पोथ्या म्हणतात ते खरं, असं इथे चालत नाही. एका लेखनिकानं चूक केली आणि त्याच्या पोथीवरून पुढे चाळीस नकला झाल्या, तर चाळीस पोथ्या एकमुखानं तीच चूक सांगणार. म्हणून आधी पोथ्यांची कुळं लावायची. कोण कोणावरून उतरली, कोणाची चूक कोणात आली. रामायणात उत्तरेचं एक घराणं आणि दक्षिणेचं एक. उत्तरेकडच्या लेखनिकांनी अवघड, आडनीड रूपं घासूनपुसून व्याकरणात बसवली. दक्षिणेकडच्यांनी ती तशीच ठेवली. त्यामुळे संपादकांचा कल बहुतेक वेळा दक्षिणेकडे झुकला. पण नेपाळमधली एक पोथी थेट इ. स. १०२० ची. तिला डावलून कसं चालेल?

जे श्लोक संहितेत टिकले नाहीत ते फेकले नाहीत. छोटे असतील तर तारांकित करून तळटिपेत, लांबलचक असतील तर परिशिष्टात. कुठल्या पोथीत आहेत, कुठल्यात नाहीत, सगळं तिथेच दिलंय. उद्या कोणाला संपादकांचा निकाल पटला नाही तर त्यानं पुरावा हातात घेऊन उलट बाजू मांडावी, एवढी सोय पानातच आहे. (लक्ष्मणरेषा कुठल्या तळटिपेत आहे, असं बाईंना विचारलं. त्या फक्त हसल्या. वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाहीच.)

छापलेले सात खंड एका कप्प्यात मावतात. ज्यावरून ते उभे राहिले तो माल मात्र खोल्या भरून असतो. ही फिल्म त्या मालाबद्दल आहे.

(दृश्य : ताडपत्राची पोथी. लाकडी पट्ट्या, मधल्या भोकातून ओवलेली दोरी. कापसाच्या बोळ्यानं तेल लावणारा हात.)

ताडपत्र कोरडं पडलं की तडकतं. म्हणून गवती चहाच्या जातीचं तेल अलगद फिरवायचं. त्यानं पान लवचीक राहतं आणि कसर लांब राहते. अक्षरं लोखंडी लेखणीनं कोरलेली. वरून काजळी चोळली की ती उठून दिसतात.

तेव्हा पाटण बडोदे संस्थानात होतं. तिथल्या जैन भांडारांतल्या पोथ्या तपासायला सयाजीराव महाराजांनी चिमणलाल दलालांना पाठवलं. त्या कामातून १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली. पहिला ग्रंथ राजशेखराची काव्यमीमांसा. दोनच वर्षांत दलाल गेले, ग्रंथमाला चालू राहिली. नाट्यशास्त्रावरची अभिनवगुप्ताची टीका याच मालेत रामकृष्ण कवींनी छापायला घेतली. पोथ्या इतक्या अशुद्ध की खुद्द अभिनवगुप्त स्वर्गातून उतरला तरी त्याला आपला मूळ पाठ सहज लावता येणार नाही, असं एका स्नेह्याचं म्हणणं त्यांनी प्रस्तावनेत नोंदवून ठेवलं आहे. संपादकाचा वैताग इतक्या मोकळेपणी छापलेला क्वचितच सापडतो.

मराठी माणसानं या मालेतला मानसोल्लास तरी बघावा. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ. हत्ती, अत्तरं, स्वयंपाक, गाणं, सगळं त्यात. श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला पहिला खंड १९२५ मध्ये आला. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, हे सोमेश्वरानं लिहून ठेवलंय. ज्ञानेश्वरीच्या दीडशे वर्षं आधी. उखळ, मुसळ आणि ओवी यांची ही नोंद बडोद्याच्या छापील पानात आहे, आणि आपल्याकडे ओवीवर बोलणारे बरेच जण तिथपर्यंत जात नाहीत.

(दृश्य : पत्र्याचा ट्रे. शंखांचे तुकडे. प्रत्येकावर काळ्या शाईत बारीक क्रमांक.)

हा कचरा आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा.

द्वारकेजवळ, कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर नागेश्वर म्हणून हडप्पा काळातली वस्ती. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं १९८० च्या दशकात ती खणली. वस्ती म्हणण्यापेक्षा कारखाना म्हणा. समुद्रातून शंख काढायचे आणि बांगड्या करायच्या, हाच मुख्य धंदा.

तुकडा जवळून बघा. हा शंखाचा आतला खांब, ज्याभोवती शंख वळत जातो. आधी टोक फोडायचं. तिथून आत ठोकत आतल्या भिंती मोडायच्या. मग ब्राँझच्या करवतीनं आडव्या चकत्या. चकती घासली, गुळगुळीत केली की बांगडी तयार. खांब फेकून द्यायचा. त्या खांबावर करवतीची रेघ दिसते आहे. करवत कुठून आत गेली, किती वेळा थांबली, हे या रेघेवरून वाचता येतं. तयार बांगडीवर या खुणा घासून गेलेल्या असतात. कारागीर कसा काम करायचा हे विचारायचं तर त्याच्या कचऱ्यालाच विचारावं लागतं.

आणखी एक गंमत. या जातीच्या शंखाचा वेढा जिथे मिळतो तिथे चकती पूर्ण गोल येत नाही, एक तिरकी खोच राहते. हडप्पाच्या कारागिरांनी नेमकी तिथे इंग्रजी व्हीसारखी नक्षी कोरली. खोटही झाकली आणि बांगडीला ओळखही मिळाली. बंगालात सवाष्णींच्या हातातला ‘शाखा’, म्हणजे शंखाची बांगडी, पिढ्यान्‌पिढ्या याच जातीच्या शंखाचा होत आला.

नागेश्वरची बरीचशी जागा बांधाच्या भरावासाठी माती उचलण्यात गेली. राहिलं ते अशा ट्रेंमध्ये.

(दृश्य : भिंतीवर पाल. ट्यूबलाइट. मग सूक्ष्मदर्शकातून गुलाबी-जांभळा छेद.)

हिची ओळख करून द्यायची गरज नाही. संध्याकाळी बडोद्याच्या प्रत्येक घरात ही हजर असते. याच विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात या घरपालीच्या शेपटीवर संशोधकांच्या पिढ्या खपल्या.

शेपटी दोन मणक्यांच्या सांध्यात तुटत नाही. मणक्याच्या मधोमध जन्मतःच एक कमकुवत पातळी असते, ती तिथे तुटते. स्नायू आकसतात, रक्त फारसं जात नाही. जखमेवर त्वचेचा पातळ थर सरकतो. त्याखाली पेशींचा एक गोळा जमतो आणि त्या गोळ्यातून नवी शेपटी फुटते. स्लाइडवर बघा : नव्या शेपटीत मणके नाहीत. त्यांच्या जागी कूर्चेची एक सलग नळी. वरून खवल्यांची ठेवणही वेगळी. घरातली पाल नीट पाहिलीत तर तिची शेपटी कधी तुटली होती का, हे चष्मा लावून तुम्हालाही सांगता येईल.

अलीकडच्या कामात असं दिसलं की दाहाशी संबंधित एक विकर, सीओएक्स-२, औषधानं दाबलं तर शेपटी फुटायला उशीर होतो. गुडघेदुखीच्या काही गोळ्या हेच विकर दाबतात. दाह म्हणजे नुसता त्रास, अशी आपली समजूत. पालीच्या बाबतीत तरी सुरुवातीचा दाह हा दुरुस्तीचाच भाग ठरला.

याच विभागात जे. सी. जॉर्ज कबुतराच्या छातीचे स्नायू कापून बघत. त्यात दोन तऱ्हेचे तंतू. बारीक, लाल, चरबी जाळणारे आणि जाड, फिकट, साखरेचा साठा वापरणारे. लांब उडायचं तर पहिले. पक्ष्यांवरच्या संशोधनासाठी ‘पावो’ नावाचं नियतकालिक १९६३ मध्ये बडोद्यातून सुरू झालं, त्याच्या मागे हेच काम.

(दृश्य : कमाटीबाग. संग्रहालयाचा तळमजला. निळ्या देवमाशाचा सांगाडा. कॅमेरा डोक्याकडून शेपटीकडे सरकतो.)

हा एका फ्रेममध्ये मावत नाही. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला निळा देवमासा. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येकानं शाळेच्या सहलीत हा पाहिलाय, आणि नंतर बाहेर येऊन टॉय ट्रेनच्या रांगेत उभा राहिलाय.

(दृश्य : अकोट्याच्या जैन ब्राँझ मूर्ती. काचेत कॅमेरामनचं प्रतिबिंब.)

त्याच इमारतीत बडोद्यातल्याच अकोट्याच्या मूर्ती. आज अकोटा म्हटलं की लोक स्टेडियम दाखवतात. तिथे १९५० च्या सुमारास जैन ब्राँझ मूर्तींचा साठा निघाला, पाचव्या शतकापासून पुढच्या सात-आठशे वर्षांचा. त्याचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ लिहिला उमाकांत प्रेमानंद शहांनी. रामायणाचं उत्तरकांड संपादित करणारे तेच. सकाळी मूर्तीच्या प्रभावळीवरचा लेख आणि दुपारी पोथीतला पाठभेद, असं सरसकट म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण दोन्हीकडे लागणारी नजर एकच होती, एवढं त्यांच्या तळटिपा वाचून कळतं.

(दृश्य : शाळेचं मैदान, मुली रांगेत. पाण्याचे पेले.)

हा माल दरवेळी जुनाच असतो असं नाही; कधी तो शाळेतल्या मुलींच्या तपासणीचे आकडे असतो. वडोदरा जिल्ह्यातल्या शाळांत बुधवार हा गोळीचा वार ठरला. रक्तक्षयावर मुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी : १०० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. इथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी त्याचं मोजमाप केलं. सुमारे दीड वर्षात रक्तक्षय असलेल्या मुलींचं प्रमाण जवळपास ७५ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर आलं. आठवड्याच्या गोळीची राष्ट्रीय योजना त्यानंतर, २०१२-१३ च्या सुमाराला आली.

(दृश्य : पुन्हा ओसरी. बाई आखलेला कागद गुंडाळायला घेतात. मग थांबून सपाट ठेवतात.)

बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत असा माल माळ्यावर आहे. आजोबा प्राध्यापक होते, आत्या कुठल्या तरी उत्खननात होत्या, काकांनी पीएच.डी.साठी काचपट्ट्यांचे डबे भरले होते. घर विकताना किंवा रंग काढताना हे सगळं रद्दीवाल्याकडे जातं. रद्दीत देण्याआधी एवढं करा. वह्यांचा क्रम मोडू नका, विस्कटलेला वाटला तरी. डब्यावर नाव, विभाग आणि वर्ष लिहा. टाचण्या, स्टेपल आणि रबरबँड काढून टाका, गंजतात, चिकटतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्यातल्या आम्लानं आतला कागदही पिवळा पडतो. धुतलेलं सुती कापड चालेल. काचपट्ट्या एकावर एक रचू नका. कशावर काही लिहायचं झालं तर पेन्सिलीनं लिहा. मग संबंधित विभागात विचारा, आणि तिथून नकार आला तर दुसरीकडे विचारा.