रस्त्यावरचा खेळ आणि कृष्णवर्णीय स्केटर

श्रोतेहो, नमस्कार. चार चाकांच्या लाकडी फळीवर तोल सांभाळत धावण्याचा स्केटबोर्डिंग हा खेळ म्हटला, की कॅलिफोर्नियाचा समुद्रकिनारा आणि तिथली गोरी मुले डोळ्यांसमोर येतात. हे चित्र अपुरे आहे. या खेळाची आजची चाल, त्यातला पेहराव आणि त्याच्याशी जोडले गेलेले संगीत घडवण्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय खेळाडूंचा वाटा फार मोठा आहे, आणि तो नावानिशी सांगितला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिस परिसरात मार्टी ग्राइम्स पोहण्याच्या रिकाम्या तलावांच्या उतारांवर खेळत होते. पुढे विम्याचा खर्च न पेलल्यामुळे खास बांधलेली अनेक स्केट-मैदाने बंद पडली आणि खेळ रस्त्यावर आला. ज्यांच्या घरामागे तलाव नव्हता, लाकडी उतार बांधायला जागा नव्हती, अशा शहरी मुलांसाठी पायऱ्या, कठडे आणि पदपथ हेच मैदान झाले.

या रस्त्यावरच्या खेळाला लय दिली ती रे बार्बी यांनी. १९८८ साली स्केटबोर्ड बनवणाऱ्या पॉवेल-पेराल्टा कंपनीच्या चित्रफितीत ते दिसले, तेव्हा त्यांच्यासमोर ना भव्य उतार होता, ना थक्क करणारी उंची. पुढचा पाय क्षणभर जमिनीला टेकवून मागच्या पायाने फळी उडवायची, आणि एक कसरत संपते तिथूनच दुसरी सुरू करायची, असा त्यांचा खेळ साध्या फरसबंदीवर अखंड वाहत राहतो. त्या दृश्यामागचे संगीत फिलाडेल्फियाच्या चक ट्रीस यांच्या वाद्यवृंदाचे होते, आणि हेच ट्रीस १९८४ साली स्केटबोर्डिंगला वाहिलेल्या ‘थ्रॅशर’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेले पहिले कृष्णवर्णीय स्केटर होते. बार्बी स्वतःही पुढे गिटारवादक म्हणून नावाजले गेले. त्यांचा खेळ पाहताना संगीत आणि हालचाल एकाच अंगातून उमटत असल्याचे जाणवते.

नव्वदच्या दशकात करीम कॅम्पबेल यांच्यासारख्या खेळाडूंमुळे हिप-हॉप संगीत आणि सैल कपडे या खेळाची ओळख बनले. १९९९ च्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’ या व्हिडिओ गेममधून कॅम्पबेल घरोघरी पोहोचले.

फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कची हकिगत मात्र सविस्तर सांगायला हवी. ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि ओटे असलेल्या या चौकात स्केटिंगला बंदी होती, तरी पोलिसांना चुकवत शहरातली मुले तिथे जमत. त्यांतच स्टीव्ही विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा घडला. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना ‘डर्टी घेटो किड्स’, म्हणजे गरीब वस्तीतली घाणेरडी पोरे, असे हिणवले जाई. विल्यम्सने तीच शिवी उचलून २००२ साली तिच्या आद्याक्षरांनी ‘डीजीके’ ही स्केटबोर्डची कंपनी काढली. त्याच वर्षी स्केटरना हटवण्यासाठी शहराने लव्ह पार्कचे नूतनीकरण हाती घेतले, तेव्हा ज्यांच्या कल्पनेतून हा चौक साकारला होता, ते नगररचनाकार एडमंड बेकन वयाच्या ९२ व्या वर्षी निषेध म्हणून तिथे स्वतः स्केटबोर्डवर उभे राहिले. चौक हातचा गेला, पण शिवीचे झालेले नाव फळ्यांवर आणि टोप्यांवर मिरवत देशोदेशी गेले, आणि ते विकत घेणाऱ्या मुलांत सर्व वर्णांची मुले होती.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात वाढलेल्या टायशॉन जोन्सला ‘थ्रॅशर’ने २०१८ आणि २०२२ अशी दोनदा वर्षातील सर्वोत्तम स्केटर म्हणून निवडले. दुसऱ्या निवडीच्या वर्षी त्याने १४५ व्या रस्त्याच्या भुयारी रेल्वेस्थानकात एका फलाटावरून वेग घेतला, रुळांवरून उडताना पायाखालची फळी हवेत गरकन फिरवली, आणि समोरच्या फलाटावर तो फळीसकट सुखरूप उतरला.