कापलेल्या पट्टीवरचं आडनाव

मेडिकलच्या काउंटरवर पट्टी कापली जाते. चार गोळ्या गिऱ्हाइकाला, सहा परत खोक्यात. घरी आलेल्या तुकड्यावर नावाचा पुढचा भाग कात्रीनं नेलेला. उरलंय फक्त ‘...सार्टन’. आजी विचारते, ही कसली गं? डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला असलेली नात म्हणते, बीपीची.

तिनं आडनावावरून ओळखलं.

एका जातीच्या औषधांच्या नावांचा शेवट सारखा असतो, तेच त्यांचं आडनाव. कंपनीच्या ब्रँडची नव्हे, तर औषधांची ही मूळ नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते. पहिली यादी १९५३ सालची. शेवटी ‘लॉल’ आलं की हृदयाचे ठोके आवरणारं, ‘स्टॅटिन’ आलं की कोलेस्टेरॉलचं. इथवर नुसतं पाठांतर. विद्यार्थी अडतात ते ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’पाशी. दोन्ही रक्तदाबाचीच, मग आडनावं दोन कशाला?

खोकल्यामुळे कळतं. अँजिओटेन्सिन-दोन हे रसायन रक्तवाहिन्या आवळतं, आणि ते तयार करतं एक विकर, म्हणजे एन्झाइम. प्रिल त्या विकरालाच अडवतं. वाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पण त्याच विकराकडे आणखी एक काम असतं, ब्रॅडिकायनिन नावाच्या दुसऱ्या रसायनाची विल्हेवाट लावण्याचं. तेही थांबतं, ब्रॅडिकायनिन साठतं, आणि काहींना कोरड्या खोकल्याची ढास लागते. सिरपच्या बाटल्या संपतात, खोकला हटत नाही. सार्टन विकराच्या वाटेला जातच नाही. अँजिओटेन्सिन जिथं जाऊन चिकटतं, ती जागाच ते अडवून बसतं. म्हणून त्यानं खोकला क्वचितच होतो.

प्रिल घराण्याचा मूळपुरुष कॅप्टोप्रिल. त्याला अमेरिकेत १९८१ साली मान्यता मिळाली. त्याचा माग लागला ब्राझीलच्या जराराका सापामुळे. हा चावला की रक्तदाब कोसळतो. विषातलं तेच कसब गोळीत उतरलं, असं म्हणायला हरकत नाही.

आडनाव एक म्हणून भावकी एक, असं मात्र समजू नये. निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध. कोलेस्टेरॉलशी त्याचं काही देणंघेणं नाही. न्यूयॉर्क स्टेटच्या प्रयोगशाळेत सापडलं, म्हणून ते नाव. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतात, तर ॲरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियावर देतात. फरक काय तो ‘प्राझोल’च्या आधीच्या ‘पि’चा, आणि कधी कधी कात्री नेमकी तिथूनच गेलेली असते.

अशा वेळी नात आजीला बिल शोधायला लावते.