ओटीवरची ओली पावलं: थ्रिलरची पहिली ९० सेकंदं

[कॅमेऱ्यासमोर. मागे कौलारू घराची ओटी, लाल कोबा.]

नमस्कार मंडळी. कोकणातला थ्रिलर म्हटलं की लगेच पांढरी साडी आणि पिंपळ. ते आज राहू द्या. आपल्याला भूत नकोय, ओली पावलं हवीत. पाच-सहा, खळ्यातून ओटीवर चढलेली आणि माजघराच्या अंधारात गेलेली. बाहेर येणारं एकही नाही.

हे प्रेक्षकाने पाहिलंय. आता घरची मुलगी पाखाडी उतरून येते. लाइट गेलेली. फोन कानाला, पलीकडे मुंबईची आत्या. ती ओटीवर टेकते आणि बोलत बसते, गणपतीला कोण कधी येणार वगैरे. बोलणं जितकं साधं, तितकी आपली चुळबुळ जास्त. सस्पेन्स सिनेमांचा दिग्दर्शक हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण द्यायचा ते हेच. अचानक फुटला तर एक दचका. आधी दाखवलात तर १५ मिनिटं घालमेल. १९५८ च्या ‘टच ऑफ एव्हिल’मध्ये ऑर्सन वेल्सने बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे तीन मिनिटांहून जास्त वेळ कटच दिला नाही.

आपला बॉम्ब म्हणजे फोन. तो कानाला आहे तोवर त्याचा टॉर्च लावून पावलं बघता येत नाहीत. म्हणजे आत्या किती बोलते, तेवढाच आपला ताण.

[पडद्यावर: कोब्यावरच्या पावलाचा क्लोजअप]

पावलं साध्या पाण्याने उमटवू नका. दिव्यांच्या उष्णतेने दुसऱ्या टेकपर्यंत सुकतात. पाणी आणि ग्लिसरीन निम्मं-निम्मं घ्या, तळव्याला थोडी वाळू लावा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर हे जमणार नाही, ओल लगेच जिरते. कोबाच हवा. आणि दिवा पावलांच्या पलीकडून, जमिनीलगत. समोरून मारलात तर ओल दिसतच नाही. पावसाचंही तसंच, मागून उजेड नसेल तर धो-धो पाऊसही कॅमेऱ्यात गायब.

शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते ते, १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, शेजारच्या घरातला बल्ब फ्रेममध्ये आला तर लुकलुकणार नाही.

आता आवाज. बहुतेक शॉर्टफिल्म इथेच माती खातात. पहिल्या फ्रेमपासून घुमणारं संगीत लावलं की पुढे चढायला जागाच उरत नाही. शिवाय मोबाइलच्या स्पीकरवर खालचे सूर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, त्यामुळे तुमचा तो भारी घुमारा अर्ध्या प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही.

त्यापेक्षा रातकिडे घ्या. माणूस जवळ आला की ते गप्प होतात, हे इथल्या कुणाला सांगायला नको. फोन चालू असताना मधेच मागीलदाराकडचे रातकिडे थांबवा. तीन सेकंद. ती बोलतेच आहे. मग पुन्हा सुरू. झालं, घराच्या मागे कुणीतरी हललं, एकही शॉट न लावता.

पण थांबवायचे म्हणजे पूर्ण शून्य आवाज नाही. तसं केलंत तर लोक फोनचा आवाज वाढवतात. खाली समुद्राची गाज आणि घराची शांतता राहू द्या. त्यासाठी सेटवर सगळ्यांना गप्प करून एक मिनिट नुसतं रेकॉर्ड करा, शूटच्याच वेळी. ओहोटीला गाज लांब जाते, दुसऱ्या दिवशीची जुळत नाही. आणि पाऊस वरून घालणार असाल तर पत्र्यावरचा नको. कौलांवर पाऊस वेगळा वाजतो, आपल्या माणसाला चटकन कळतं.

कॅमेरा तिच्या पाठीमागे, माजघराच्या आतून, चौकटीतून ओटीकडे. हा कुणाच्या नजरेतून शॉट आहे, सांगायचं नाही. ३५ मिमी लेन्स. १२ सेकंदांत ६० सेंटिमीटर पुढे. स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरकवायची पट्टी, नसेल तर ट्रायपॉडखाली घडी केलेलं गोणपाट घालून कोब्यावर हळू ओढा. वेग जाणवला की खेळ संपला, हालचाल संपल्यावरच कळायला हवी की आपण जवळ आलोय.

शॉट छोटे-छोटे करत नेण्याचा मोह होईल. इथे उलट करा. ४ सेकंद, ६, ९, मग १४. प्रत्येक वेळी कट येईल असं वाटतं आणि येत नाही.

खाडीवरची होडी किंवा जेटी सुरुवातीला घेणार असाल, तर एक धोका आहे. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज संध्याकाळी सहाला जेटीला लागून असलेली होडी परवा सहाला बरीच खाली दिसेल. उरलेले शॉट दुसऱ्या दिवशी घ्यायचे तर घड्याळ नको, भरतीचं कोष्टक बघा.

[पडद्यावर: शेवटचा शॉट]

आत्या फोन ठेवते. मुलगी टॉर्च लावते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा किती उजेड घेतो ते, टॉर्चच्या झोताला बांधा, बाकी काळं होऊ द्या. फ्लॅशवर सेलोटेपचे दोन-तीन थर लावा, नाहीतर पावलं पांढरी भगभगीत होतात. झोत पहिल्या पावलावर, दुसऱ्यावर, दाराच्या उंबऱ्यापर्यंत. तिचा चेहरा दाखवू नका, किंकाळी तर नाहीच. झोत थांबतो, रातकिडे पुन्हा गप्प होतात, आणि तिथेच कट. शीर्षक.