अण्णांच्या पावलापुढची रेघ

नमस्कार मंडळी. आज डोपामाइनबद्दल बोलायचंय, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या एका रसायनाबद्दल. हल्ली मोबाईलवर हा शब्द सारखा कानावर येतो, रील बघितलं की डोपामाइन, चॉकलेट खाल्लं की डोपामाइन, पण आपण उठून पाण्याचा तांब्या घ्यायला चार पावलं टाकतो ना, त्यालाही डोपामाइनच लागतं. ते कमी पडलं की काय होतं ते मी घरात बघितलंय.

माझे काका, अण्णा. गुहागर तालुक्यात घर, मागे सुपारीचं आगर. आधी त्यांना वास येईनासा झाला. काकू चुलीवर सुके बोंबील भाजत्येय, अख्ख्या वाडीत घमघमाट, आणि अण्णा विचारतायत आज जेवायला काय केलंयस? मग सुपारीच्या हिशेबाच्या वहीतलं अक्षर बारीक होत गेलं, ओळ संपेपर्यंत मुंगीएवढं. एका डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं आणि आमची दोन वर्षं फुकट गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. पार्किन्सन्स आहे, म्हणजे मेंदूतलं डोपामाइन कमी होत जाण्याचा आजार, हे कळलं तोवर अण्णा उंबरठ्यापाशी अडायला लागले होते. माजघरातून पडवीत यायचं आणि पाय जमिनीला चिकटलेले. काकू म्हणायची, अहो उचला ना पाय! ते म्हणायचे, अगं मी सांगतोय त्याला, तो ऐकत नाहीये.

एक दिवस अंगणात असेच अडले. मी हात धरून कसंबसं गडग्यापर्यंत नेलं, पुढे आमची पाखाडी, जांभ्याच्या चाळीसेक पायऱ्या, माझ्या पोटात गोळाच आला. आणि अण्णा त्या पायऱ्या एकामागून एक सरळ उतरून गेले, मी मागे राहिले! सपाट अंगणात हलेना तो माणूस पायऱ्यांवर चालतोय. (या पाखाड्या उखडून गाड्यांसाठी सिमेंटचे उतार करतायत सगळीकडे, मला ते अजिबात पटत नाही, पायाला पायरी कळते, उतार नाही कळत.) असो. त्या संध्याकाळी भावाने चुना कालवला आणि अंगणात एकेका पावलावर आडव्या रेघा मारल्या, पडवीपासून तुळशीपर्यंत. अण्णांनी पहिल्या रेघेकडे बघितलं, पाय उचलला, पलीकडे टाकला. मग दुसरी, मग तिसरी. तुळशीपाशी जाऊन वळले नि काकूला म्हणाले, बघितलंस? काकू पदराने डोळे पुसत होती.

आता हे का होतं ते थोडक्यात. मेंदूच्या मधल्या भागात काळसर पेशींचा एक पुंजका असतो, डोपामाइन तिथे तयार होतं आणि तिथून हालचालीच्या केंद्रांना पोचतं. सवयीचं चालणं, म्हणजे विचार न करता पाऊल पडणं, ते त्यावर चालतं. लक्षणं दिसेपर्यंत यातल्या निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असू शकतात. रेघ किंवा पायरी डोळ्यांना दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने पाय हलवतो. अडचण पायात नाही, हुकूम सुटण्यात आहे, परत सांगते, पायात नाही.

हे कळलं कसं? स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी 1957 साली सशांना रेसरपिन दिलं, मेंदूतलं डोपामाइन संपवणारं औषध, ते निघतं आपल्या सर्पगंधेपासून बरं का, आणि ससे निपचित पडले. मग लेवोडोपा टोचलं तर उठून हिंडायला लागले. 2000 साली त्यांना नोबेल मिळालं. डोपामाइन रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेवोडोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं, म्हणून अजून गोळी त्याचीच. आपल्या खाजकुयलीच्या बियांतही लेवोडोपा असतं, पण म्हणून घरी कुटून कोणी देऊ नका, डोस किती जातो ते कळत नाही.

आणि गोळीची वेळ सांभाळा. मासे, अंडी, डाळ यातली प्रथिनं पोटात गोळीच्या आड येतात, म्हणून डॉक्टरांना विचारून जेवणाआधी घ्या. आमच्याकडे गोळी बाराला, बांगड्याचं कालवण एकला.

अडलेल्या माणसाला ओढू नका, तोल जातो. ओढू नका, पुढे रेघ दाखवा, नाहीतर एक दोन, एक दोन असा ठेका द्या. आमच्या पडवीत आता रंगीत चिकटपट्ट्या आहेत, आणि अंगणातला चुना पावसाने वाहून गेला की काकू सडा घातल्यावर नव्याने रेघा ओढते, तोवर अण्णा पडवीच्या कडेला चपला घालून उभे असतात.