माजावर आलेला मॅमथ

(दृश्य: साठमारी, सकाळची वेळ)

कोल्हापुरात साठमारी म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारत नाही. शाहू महाराजांच्या काळात इथं हत्तींचा खेळ चाले. माजावरच्या हत्तीला डिवचायचं, आणि तो अंगावर आला की आडोशाच्या भिंतीमागं पळायचं.

(दृश्य: घर, टीव्हीसमोर पोरं)

टीव्हीवर 'आइस एज' लागलाय. 2002 चा सिनेमा, पोरांना अजून पाठ. केसाळ मॅमथ मॅनी बर्फातून एकटाच निघालाय.

"आज्जा, ह्यो एकटाच का हिंडतोय?"

शंका रास्त आहे. पण इथं सिनेमावाले चुकलेले नाहीत. हत्तींच्या कळपात माद्या आणि पिल्लं. वयात आलेला नर बाहेर पडतो. आजरा-चंदगडकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. उसात शिरणारा टस्कर बहुतेकदा एकटाच असतो. आणि मॅमथ तर आपल्या हत्तीच्या घरातलाच. जनुकं पाहिली, तर आशियाई हत्तीला आफ्रिकी हत्तीपेक्षा मॅमथ जवळचा.

सिनेमातल्या डिएगोला मात्र पोरं वाघ म्हणतात. सुळेवाला तो प्राणी वाघ नव्हेच, मार्जारकुळातली वेगळीच शाखा. असो.

(दृश्य: सुळ्याचा आडवा छेद, अगदी जवळून)

सिनेमानं गाळला तो माज. मॅमथ माजावर यायचा, हे सुळ्यानंच सांगितलं. सुळा मुळाशी वाढतो. द्रोणात द्रोण बसवून चळत करावी, तसे थरावर थर. टोकाला बालपण, मुळाशी अखेरचे दिवस. थर साचताना रक्तातली संप्रेरकंही त्यात अडकून राहतात.

2023 साली शास्त्रज्ञांनी सायबेरियातल्या एका नर मॅमथचा सुळा असाच थराथरानं तपासला. तेहतीस हजार वर्षांहून जुना. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे माजात वाढणारं नराचं संप्रेरक, ठरावीक काळानं उसळलेलं दिसलं, एरवीच्या दहापटीपर्यंत. ताडून पाहायला आजच्या आफ्रिकी नराचा सुळा होता, त्यात वीसपटीपर्यंत. सायबेरियाच्या उत्तरेकडच्या रँगेल बेटावरच्या मॅमथ मादीच्या सुळ्यात असली उसळी नाही.

म्हणजे मॅनी खराखुरा असता, तर वर्षातले काही दिवस त्याच्या आसपास फिरकायची कुणाची छाती झाली नसती. माणसाचं तान्हं पोर सोंडेत घेऊन निघणं तर लांबच.

(दृश्य: पुन्हा घर)

"मग साठमारीत मॅनीला सोडला असता तर?"

आज्जा टीव्हीचा आवाज बारीक करतो.

"भिंती आणि जाड बांधाय लागल्या असत्या."