कॅलिपरच्या रंगाचा डबा निवडताना

इगतपुरी मागे पडून कसारा घाटाची उतरण लागली, की पाय सारखा ब्रेकवर जातो. दर वेळी ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला आवळतात आणि गाडीचा वेग उष्णता होऊन बाहेर पडतो. दीड टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली, तर सुमारे ३७० किलोज्यूल उष्णता तयार होते. लिटरभर पाणी उकळीला आणायला लागते त्याहूनही जास्त! तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर येतो.

पॅड दाबणारा तो ओतीव भाग म्हणजे कॅलिपर. अलॉय व्हीलमधून तो दिसतो, म्हणून नाशिकच्या गॅरेजात गाडी लावताना पोरं सांगतात, “दादा, कॅलिपर लाल करून द्या.” दादांनी आधी विचारायला हवं, “रंग कुठला आणलास?”

कारण साधा स्प्रे इथे तग धरत नाही. घाटात कॅलिपर शंभर अंशांच्या वर सहज जातो. त्यातला इनॅमल रंग मऊ पडतो, काळवंडतो, मग पोपडे सुटतात. दुसरा शत्रू ब्रेक ऑइल. आपल्या गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ प्रतीचं ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि ते रंग अक्षरशः खातं. ब्रेकमधली हवा काढताना कॅलिपरवरच्या ब्लीडर निपलजवळ, म्हणजे हवा सोडायच्या तोंडाजवळ, चार थेंब सांडले, तरी तेवढा भाग उघडा पडतो.

मग काहीजण सायलेन्सरच्या हाय-हीट रंगाचा डबा उचलतात. त्यावरचा तापमानाचा आकडा मोठा असतो, म्हणून तो चांगला वाटतो. पण हा सिलिकॉनचा रंग भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवल्यावरच पक्का होतो, काही डब्यांवर तर तीनशे अंशांपर्यंत. गाडीला लावलेल्या कॅलिपरला तशी भाजणी मिळत नाही, आणि मिळाली तर आतली रबरी सीलं जातील. रंग कच्चा राहतो आणि ब्रेक ऑइलपुढे हार मानतो.

म्हणून डब्यावर ‘कॅलिपरसाठी’ असं लिहिलेलं हवं. त्यातही घरी काम करणाऱ्याने हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळून ब्रशने लावायचा इपॉक्सी रंग घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. तो रासायनिक क्रियेने कडक होतो, भट्टी लागत नाही, आणि स्प्रेसारखा डिस्कवर उडत नाही. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी रंगपूड भाजून बसवणं, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत करून मिळेल, पण ते साधारण दोनशे अंशांवर भाजतात. पॅड ढकलणारे पिस्टन, सीलं, सगळं आधी बाहेर काढावं लागतं. कॅलिपर खोलून नवी सीलं टाकायचीच असतील, तरच त्या वाटेला जावं.

खरी मेहनत रंगाआधी आहे. वायर ब्रशने गंज काढा, पॉलिश पेपर मारा, ब्रेक क्लीनरने तेलाचा अंशही ठेवू नका. रबरी बूट (धूळ अडवणारी टोपणं), ब्लीडर निपल, होज (ब्रेक ऑइलची नळी), डिस्क टेपने झाका. आणि पॅड जिथे सरकतात त्या जागा, तसंच कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना, कोऱ्याच ठेवा. तिथे रंगाचा थर बसला तर पॅड अडकतो, ब्रेक सुटत नाही, चाक तापत राहतं. शोभेपायी ब्रेक बिघडवणं कुणालाच परवडणारं नाही. कॅलिपर काढलाच, तर तो होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, कोरड्या हवेत हे उरका.

लाल की पिवळा, ते तुमच्या आवडीवर. काळ्या-राखाडीवर ब्रेकची धूळ कमी दिसते, एवढंच. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील, तर त्यांना काळाच शोभतो.

डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. चाक लावल्यावर हाताने फिरवून बघा, कुठे घासत नाही ना. आणि गाडी हलवण्याआधी ब्रेक पेडल घट्ट लागेपर्यंत दाबा. काम करताना पॅड मागे सरकले असतील, तर पहिल्या ब्रेकला पेडल थेट खाली जातं.